निफ्टीशेठ

राहुरीत ज्याचं दुकान आहे तो शेठ, ज्याचे दोन ट्रॅक्टर आहेत तो शेठ, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही पण खिशात सारखा मोबाईल वाजतो तोही शेठच. आमच्या निफ्टीशेठची भरती या तिसऱ्या वर्गातून झाली. हे नाव त्याला स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मिळालं. खरं नाव आधार कार्डावर आहे आणि ते तिथंच बरं, कारण निफ्टीशेठ हा काही एकटा इसम नव्हे. राहुरी फॅक्टरीपासून देवळाली प्रवरापर्यंत आणि वांबोरीपासून टाकळीमियापर्यंत असे पुष्कळ आहेत. मी त्यातल्या चार-पाच जणांना एका बनियनमध्ये कोंबलंय, इतकंच.

सकाळी नऊला तो कांदाचाळीच्या कडेला बाज टाकून बसतो. घरात गारवा असतो, पंखा असतो, पण रेंज चाळीपाशी येते. एका मोबाईलवर चार्ट, दुसऱ्यावर टेलिग्रामचं चॅनेल, मांडीवर लॅपटॉप. सव्वानऊला बाजार उघडतो आणि त्यानंतर साडेतीनपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं. एकदा गाय व्यायला झाली म्हणून आईने चार हाका मारल्या. हा म्हणाला, “आई, पाच मिनिटं थांबव तिला, कॅन्डल बंद होऊ दे.” गाय थांबली नाही. कॅन्डलही याला हवी तशी बंद झाली नाही. त्या दिवशीचा निव्वळ नफा म्हणजे एक कालवड, आणि तिचं श्रेय त्याला घेता आलं नाही.

साडेतीनला तो माणसांत येतो. मग सहापर्यंत सकाळी जे झालं ते तसंच का होणार होतं हे सांगतो. हे शास्त्र त्याला पक्कं येतं. झालेल्या गोष्टीचं भाकीत करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. रात्री अमेरिकेचा बाजार उघडला की जेवण लांबतं.

मुळात हा गडी अभ्यासू. कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. अॅग्री केलं, मग स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेतली. दोनदा पूर्वपरीक्षा पास झाला, दोनदा मुख्य परीक्षेत राहिला. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुस्तकांची गोणी घेऊन घरी आला. घरी बसून करणार काय? मोबाईलवर आधार नंबर टाकला, स्वतःचा फोटो काढला आणि अर्ध्या तासात डिमॅट खातं उघडलं. त्या वेळी देशात अशी खाती चार कोटींच्या आसपास होती, चार वर्षांत ती पंधरा कोटींवर गेली. त्या वाढलेल्या अकरा कोटींतलं एक आमच्या कांदाचाळीतलं.

त्याचं दुर्दैव असं की त्याला सुरुवातीलाच नफा झाला. २३ मार्च २०२० ला बाजाराचा निर्देशांक निफ्टी ७,६०० पर्यंत आपटला होता आणि वर्षाच्या आत तो दुप्पट झाला. त्या दिवसांत त्याच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, बैलाने बटण दाबलं असतं तरी त्याला फायदा झाला असता, आणि बैलाने तो स्वतःच्या अभ्यासाचा मानला नसता. याने मानला. पहिल्या महिन्यात साडेअकरा हजार सुटले. टाळेबंदी सैल झाल्यावर नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावर पार्टी झाली. त्या नफ्याचा स्क्रीनशॉट अजून त्याच्या मोबाईलात आहे. लग्न ठरताना मुलीकडच्यांना तोच दाखवला होता.

आणि खरं सांगायचं तर त्याला पैशापेक्षा दुसरंच काहीतरी सापडलं होतं. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागायला वर्ष-दोन वर्षं जायची, मग तो कोर्टात अडकायचा. इथं पाच मिनिटांत निकाल. पास की नापास, लगेच हिरवं नाहीतर लाल. पुन्हा फॉर्म भरायला वयाची अट नाही. ज्या माणसाची उमेदीची वर्षं प्रतीक्षायादीत गेली त्याला हे किती गोड लागत असेल, हे मला समजतं. म्हणून मी त्याच्यावर हसतो ते जरा जपूनच.

शेअर घेऊन ठेवून देणं हे त्याला वर्षभरातच म्हाताऱ्यांचं काम वाटायला लागलं. तो ऑप्शनमध्ये आला. २०२३ उलटेपर्यंत ऑप्शनची चंगळ झाली, सौद्याची मुदत संपायचा दिवस, म्हणजे एक्स्पायरी, रोज कुठली ना कुठली. सोमवारी मिडकॅपची एक्स्पायरी, मंगळवारी फिननिफ्टीची, बुधवारी बँकनिफ्टीची, गुरुवारी निफ्टीची, शुक्रवारी सेन्सेक्सची. पंचांगातसुद्धा इतके सण नाहीत. शनिवारी बाजार बंद, तर तो शिंगणापूरला तेल वाहायला जायचा. आठवडाभर आपल्याला नेमकं कुणी बुडवलं, याबाबत त्याचे तीन संशयित होते: परदेशी गुंतवणूकदार, ऑपरेटर आणि शनि. पहिल्या दोघांना तेल वाहता येत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने एका एक्स्चेंजला आठवड्याची एकच एक्स्पायरी ठेवली आणि निफ्टीचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा किमान गठ्ठा, २५ वरून ७५ केला. हेतू असा की लहान माणसाने या भानगडीत सहसा पडू नये. लहान माणसाने काय केलं? पतसंस्थेतून सोनेतारण काढलं. गुरुवारी एक्स्पायरी असायची तेव्हा तो गुरुवारचा उपास धरायचा. २०२५च्या सप्टेंबरपासून ती मंगळवारी आली, तेव्हा उपासही मंगळवारी आला. दत्ताकडचं खातं त्याने गणपतीकडे वर्ग केलं.

आता त्याची पद्धत सांगतो. समजा, त्याने १०० रुपयांना एक कॉल, म्हणजे निफ्टी चढेल यावरचा सौदा, घेतला. लॉट ७५चा होता तेव्हा, म्हणजे साडेसात हजार गुंतले. भाव १०८ झाला की याच्या पोटात कालवाकालव सुरू होते. सहाशे रुपये दिसतायत, गेले तर? विकून मोकळा. मग तोच कॉल १६० ला जातो आणि हा संध्याकाळपर्यंत हळहळतो. दुसऱ्या दिवशी तसाच कॉल १०० ला घेतो, तो ६० वर येतो. इथं कालवाकालव व्हायला हवी, तर हा एकदम संतपदाला पोचतो. “येईल वर. माझं अॅनालिसिस बरोबर आहे.” ६० ला आणखी एक लॉट घेतो. याला तो अॅव्हरेज करणं म्हणतो. भाव २० होतो. आता विकायचं म्हटलं तर नऊ हजार गेले हे मान्य करावं लागेल, म्हणून विकत नाही. एक्स्पायरीचा दिवस, साडेतीनला दोन्ही लॉट शून्य होतात. सहाशेला घाबरलेला माणूस बारा हजार घालवताना डोळ्याची पापणी हलवत नाही.

यात राहुरीचं विशेष असं काही नाही. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की जेवढे पैसे मिळाल्याचा आनंद होतो, त्याहून तेवढेच गेल्याचं दुःख बरंच मोठं असतं. आणि नफ्यात सावध असणारा माणूस तोटा दिसला की तो टाळण्यासाठी वाटेल तो धोका पत्करतो. कानेमानना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निफ्टीशेठला हे सगळं पाठ आहे. त्याने कोर्स केलाय, आठ हजार रुपयांचा, ऑनलाइन. तेव्हापासून त्याच्या तोंडात एक वाक्य बसलं आहे: “माझं अॅनालिसिस बरोबर होतं, सायकॉलॉजी चुकली.” जणू सायकॉलॉजी हा दुसराच कुणी कामगार आहे आणि तो आज खाड्यावर होता.

कोर्सवाल्यांनी नियम लिहून डोळ्यांसमोर लावायला सांगितले होते. याने खताच्या गोणीचा कोरा भाग कापून त्यावर मार्करने लिहिलं आणि चाळीच्या खांबाला टांगलं. दिवसाला दोनच ट्रेड. स्टॉपलॉस हलवायचा नाही. बदला घ्यायचा नाही. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, त्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तो तिसरा नियम वाचला आणि नानांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “कुणाशी वाद-बिद आहे का?” नाना म्हणाले, “हाये, मुंबईवाल्यांशी. पर तेन्ला ठावंच नाही.”

नानांनी नेमकं दुखणं सांगितलं. साडेनऊलाच त्याचे दोन ट्रेड झालेले असतात. तिसरा तो मोजत नाही, कारण तो दुसऱ्याची दुरुस्ती असतो. चौथा तिसऱ्याचा बदला असतो. बाजाराने आपल्याकडून दोन हजार नेले, हे त्याला व्यवहारात बसत नाही. तो त्याचा अपमान असतो. मग ते दोन हजार परत आणायला तो वीस हजार घेऊन उतरतो. आमच्या तालुक्याला हे नवीन नाही. हातभर बांध कोरला म्हणून चुलतभावाविरुद्ध दावा लावायचा आणि तो चालवायला एकरभर रान विकायचं, अशी घराणी इथं आहेतच. फरक एवढाच की चुलतभाऊ निदान तारखेला समोर उभा असतो. निफ्टीशेठचा प्रतिवादी कुठंच नाही. त्याची मात्र ठाम खात्री आहे की वांद्रे-कुर्ला संकुलात, राष्ट्रीय शेअर बाजाराच्या इमारतीत, कोणीतरी खास त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. “मी स्टॉपलॉस लावला की बरोब्बर तिथपर्यंत येतं, तो खातं, आणि मग वर जातं. त्यांना माझा स्टॉपलॉस दिसतो.” रोज अब्जावधींची उलाढाल करणारी ती यंत्रणा राहुरीच्या कांदाचाळीतल्या एका लॉटवर टपून बसलेली आहे, या कल्पनेत दुःखापेक्षा मोठेपणाच जास्त आहे. पैसे परत मिळाले तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. त्याला बाजाराने माफी मागायला हवी आहे.

४ जून २०२४ चा दिवस आमच्याकडे सगळ्यांना आठवतो, लोकसभेच्या निकालाचा म्हणून. राहुरी नगर मतदारसंघात येते. अख्खं गाव फेरीनिहाय आकडे ऐकत होतं. नीलेश लंके पुढे की सुजय विखे, यावर चहाच्या पैजा लागल्या होत्या. एकट्या निफ्टीशेठचं लक्ष दुसरीकडे होतं. शनिवारी एक्झिट पोल आले, सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उडाला. त्या उड्डाणाच्या शेंड्यावर याने कॉल घेतले, कारण “उद्या निकाल, उद्या रॉकेट.” मंगळवारी निकाल लागायला लागला आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी. बाहेर गुलाल उधळत होते. लंके निवडून आले होते. याच्या स्क्रीनवर तोच रंग होता, पण त्याला कुणी हार घातला नाही.

इथं थांबला असता तर ती नुसती दुर्घटना म्हणता आली असती. पण याला वाटलं, आता आपल्याला दिशा कळली. उरलेल्या पैशांतून दुपारी पुट, म्हणजे बाजार पडेल यावरचे सौदे, घेतले, अगदी तळाला. बुधवारी बाजार सव्वातीन टक्क्यांहून जास्त वर गेला. शुक्रवारपर्यंत निफ्टी निकालाच्या आदल्या दिवशीच्या पातळीच्याही वर बंद झाला होता. म्हणजे एखादा माणूस त्या आठवड्यात मुळा धरणावर जाऊन नुसता पाण्याकडे बघत बसला असता, तर त्याचं काहीच बिघडलं नसतं. निफ्टीशेठ चढतानाही बुडाला, उतरतानाही बुडाला. त्या रात्री तो मला म्हणाला, “दोन्ही वेळा दिशा बरोबर होती, फक्त एक दिवस उशीर झाला.”

नानांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. नाना सातवी शिकलेले, चार एकर बागायत, त्यात कांदा. सट्टा पोराच्या आधीपासून घरात होता, फक्त त्याला सट्टा म्हणत नसत. २०२३च्या डिसेंबरात सरकारने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली. नानांचा लाल कांदा तेव्हा काढणीला आलेला. भाव धाडकन पडला. नानांनी संध्याकाळभर दिल्लीचा उद्धार केला आणि सकाळी गोण्या भरून वांबोरीला नेऊन पडल्या भावात विकल्या. लाल कांदा ठेवता येत नाही. त्याचा स्टॉपलॉस निसर्गानेच लावलेला आहे आणि तो कुणाला हलवता येत नाही.

पण नानांना फार थोर करायला नको. उन्हाळी कांदा टिकतो, आणि टिकतो म्हटल्यावर बापाच्या अंगात पोरगा संचारतो. जूनमध्ये बरा भाव येतो तेव्हा “अजून वाढंल”, ऑगस्टमध्ये भाव पडतो तेव्हा “आता काय इकायचा”, आणि गणपतीनंतर चाळीतून पाणी गळायला लागतं. त्या वेळी मात्र नाना उठतात. सडका कांदा नाकाला कळतो. मग घरातल्या बायका तोंडाला पदर बांधून निवडायला बसतात, सडलेला उकिरड्यावर जातो, उरलेला बाजारात. मोबाईलातल्या तोट्याला वास येत नाही, ही खरी पंचाईत आहे. तो तिथं महिनोन्‌महिने पडून राहतो आणि बाजेवर बसलेल्या माणसाला कळत नाही.

त्याच्या बायकोला मात्र कळतं. ती घरी शिवणकाम करते, बचतगटाची हिशेबवही लिहिते. तिला चार्ट वाचता येत नाही, नवरा वाचता येतो. साडेतीनला चपलांचा आवाज आला की तिला कळतं. नफा असेल तर तो उंबऱ्यातूनच चहा मागतो. थोडा तोटा असेल तर भांडतो. मोठा असेल तर फार गोड बोलतो, “तू दमली असशील, आज स्वयंपाक राहू दे.” अशा दिवशी ती कपाटातला मंगळसूत्राचा डबा उघडून बघते आणि मगच कुकर लावते.

सेबीचे आकडे मी त्याला वाचून दाखवले होते. सप्टेंबर २०२४चा अहवाल: मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत वायदा आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी दरडोई दोन लाखांचा तोटा, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे सात टक्के कमावतात ना!” मी पुढचं वाचलं: लागोपाठ दोन वर्षं तोटा खाऊनही तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले. तो म्हणाला, “चिकाटी लागतेच.” पुढच्या वर्षीचा आकडा ९१ टक्के आला, तेव्हा त्यानेच मला फोन केला. दोन टक्के सुधारणा आहे म्हणे.

जुलैत सीएकडे गेलो तेव्हा आणखी एक मजा झाली. ऑप्शनमधला तोटा कायद्याने धंद्यातला तोटा धरतात. त्यामुळे निफ्टीशेठच्या विवरणपत्रात आयुष्यात पहिल्यांदा ‘व्यवसाय’ लागला. दलाली, कर, एक्स्चेंजची फी असे नुसते येण्याजाण्याचे साडेएकतीस हजार गेलेले होते, ते बघून तो जरा गप्प झाला. मग सीएने धीर दिला, वेळेत विवरणपत्र भरलं तर हा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. याने घरी येऊन ही बातमी बोनस लागल्यासारखी सांगितली. बायकोने शिवणयंत्र थांबवून एवढंच विचारलं, “आठ वर्षं?”

एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहिलीच पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात शेवगावकडे शेअर बाजाराच्या नावावर महिन्याला दहा-दहा टक्क्यांचं आमिष दाखवून लोकांच्या ठेवी गोळा करणारे निघाले, आणि २०२४ मध्ये त्यातले कितीतरी जण पैसे घेऊन पसार झाले. त्याच्या आधी आमच्या गल्लीतलेही दोघे-तिघे निफ्टीशेठकडे पैसे घेऊन आले होते. एका मामांनी तर उसाचं अख्खं बिल पिशवीतून आणलं होतं. “तू लाव, आम्हाला महिन्याला पाच टक्के दे, वरचे तुझे.” याने हात जोडले. “मामा, माझंच मला सांभाळत नाही.” एवढं खरं वाक्य त्याच्या तोंडून बाजाराच्या वेळेत कधीच निघालं नसतं, त्या दिवशी रविवार होता. त्याने आजवर फसवलंय ते फक्त एकाच माणसाला, आणि तो माणूस तक्रार करायला तयार नाही.

राहुरीला कधी आलात तर त्याला जरूर भेटा. साडेतीननंतर या, चहा तोच पाजील. “आज किती?” असं विचारू नका, तो आपणहून सांगेल आणि शून्य एक कमी करून सांगेल. टिप मागू नका. त्याने स्वतःहून दिलीच, तर तिच्या उलटं करून पैसे कमवावेत असं तुमच्याही मनात येईल. येऊ देऊ नका. टपरीवरच्या दोघांनी तेही करून बघितलंय, आणि त्यांच्यातल्या एकाचं आता स्वतःचं टेलिग्राम चॅनेल आहे.